तेहरानची खचती जमीन : कनात, कूपनलिका आणि हरीमचा नियम

नोव्हेंबर २०२५ मध्ये इराणचे राष्ट्राध्यक्ष मसूद पेझेश्कियान यांनी जाहीरपणे सांगितले की पाऊस लांबला तर तेहरानमध्ये पाणीकपात करावी लागेल, आणि त्यानंतरही पाऊस आला नाही तर शहर रिकामे करण्याची वेळ येऊ शकते. राजधानी अन्यत्र हलविण्याचा विषय तर त्यांनी त्यापूर्वीच काढला होता. जगभरच्या वर्तमानपत्रांनी या बातमीला दुष्काळाची बातमी म्हणून जागा दिली. धरणे आटली होती, त्यामुळे ते स्वाभाविकही होते. परंतु तेहरानच्या संकटाचा दुसरा भाग धरणात दिसत नाही. तो जमिनीखाली आहे. धरण एका चांगल्या पावसाळ्यात भरू शकते; जमिनीखाली जे गेले आहे त्यातील बराच भाग कोणत्याही पावसाने परत येणार नाही. असे का होते, ते कसे कळले, आणि ज्या भूमीत भूजलाचे शास्त्र व भूजलाचा कायदा हे दोन्ही इतके जुने आहेत तेथेच ही वेळ का यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शहराची ठेवण

तेहरान हे एल्बुर्झ पर्वताच्या दक्षिण पायथ्याशी उतारावर वसलेले शहर आहे. उत्तरेकडील वस्त्या समुद्रसपाटीपासून सुमारे १७०० मीटर उंचीवर, तर दक्षिणेकडील ११०० मीटरच्या आसपास आहेत. पर्वतावरून वाहून आलेला गाळ येथे पंख्यासारखा पसरला आहे. जड दगडगोटे व खडी पायथ्याशीच थांबली, वाळू पुढे गेली आणि सर्वांत बारीक चिकणमाती दूर मैदानात जाऊन बसली. म्हणून शहराच्या उत्तर भागाखाली भरड थर, आणि दक्षिण व नैर्ऋत्येच्या मैदानात वाळू व चिकणमातीचे एकाआड एक थर आढळतात. पुढे जे सांगावयाचे आहे ते सर्व या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

आगा मुहम्मद खान काजार याने अठराव्या शतकाच्या अखेरीस तेहरानला राजधानी केले. तेव्हा आणि त्यानंतर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ शहराचे पाणी मुख्यतः कनातींतून येत असे. (मराठीत कनात म्हटले की तंबूची कापडी भिंत डोळ्यांसमोर येते, तो शब्द वेगळा. येथील कनात म्हणजे भूमिगत जलवाहिनी. पूर्व इराण, अफगाणिस्तान व बलुचिस्तानात हिलाच कारेझ म्हणतात.) विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात करज नदीचे पाणी कालव्याने शहरात आणले गेले, १९५० च्या दशकात नळयोजना सुरू झाली आणि १९६१ मध्ये करज नदीवरील धरण पूर्ण झाले. १९५६ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पंधरा लाख होती. आज ती नव्वद लाखांच्या घरात आहे.

कनातीचे काम कसे चालते

डोंगराच्या पायथ्याशी, जेथे भूजल आहे असा अंदाज असतो तेथे प्रथम एक खोल विहीर घेतात. ही ‘मादर चाह’, म्हणजे मातृविहीर. तिच्यात पाणी लागले की मैदानाच्या बाजूने, जेथे पाणी उघड्यावर आणावयाचे आहे तेथून, अगदी अल्प उताराचा बोगदा उलट्या दिशेने डोंगराकडे खोदत नेतात. ठरावीक अंतरावर उभी भुयारे घेतात. त्यांतून माती वर काढली जाते, आत हवा जाते आणि पुढे गाळ उपसण्यासाठी माणूस उतरू शकतो. विमानातून पाहिले तर या भुयारांची तोंडे मुंग्यांच्या वारुळांच्या रांगेसारखी दिसतात. बोगद्याचा वरचा भाग भूजलाच्या पातळीखाली असतो, तेथे पाणी झिरपून आत येते आणि उताराने आपोआप वाहत गावात पोहोचते. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. खोरासानातील गोनाबाद येथील कनातीची मातृविहीर ३०० मीटरहून खोल आहे. २०१६ मध्ये इराणमधील अकरा कनातींना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यांत तिचा समावेश आहे.

या कामाचे शास्त्र लिहून ठेवणारा अबू बक्र मुहम्मद अल-करजी हा मुख्यतः बीजगणितासाठी ओळखला जातो. बगदादमधील वास्तव्यानंतर तो डोंगराळ प्रदेशात गेला आणि सुमारे १०१७ मध्ये त्याने ‘इन्बात अल-मियाह अल-खफिया’, म्हणजे गुप्त पाणी प्रकट करण्याविषयी, हा ग्रंथ लिहिला. भूजल कोठे असते, जमिनीच्या कोणत्या खुणांवरून ते ओळखावे, बोगद्याचा उतार कसा साधावा, पातळी मोजण्याची साधने कशी करावीत, ढासळणाऱ्या जमिनीत बांधकाम कसे करावे, हे सर्व त्यात आहे. बीजगणिताच्या इतिहासात त्याच्या ‘अल-फखरी’ या ग्रंथाचे नाव नेहमी येते, या ग्रंथाचे क्वचितच. वास्तविक हा अधिक उपयोगी ग्रंथ म्हणावयास हरकत नाही.

कनातीचा एक गुण सहज नजरेतून सुटतो. भूजलाची पातळी बोगद्याच्या खाली गेली की कनात वाहणे थांबते. दुष्काळात पाणी कमी येते, चांगल्या वर्षी जास्त येते. पण जमिनीत जितके मुरले त्याहून फार अधिक काढून घेणे तिला शक्यच नसते. ती मर्यादा कोणा अधिकाऱ्याने घातलेली नाही, बोगद्याच्या उंचीनेच घातली आहे.

विद्युत् पंपावर चालणाऱ्या कूपनलिकेला अशी मर्यादा नाही. पाणी खाली गेले की नळी खाली न्यावयाची, अधिक अश्वशक्तीचा पंप बसवावयाचा. इराणमध्ये १९६० च्या दशकातील जमीनसुधारणांनंतर ज्या जमीनदारांच्या खर्चाने कनातींची दुरुस्ती होत असे ते राहिले नाहीत, आणि नव्या मालकांना मुकन्नींना (कनाती खोदणारे कारागीर) एकत्र येऊन पैसे देण्यापेक्षा स्वतःची नळी घेणे सोपे होते. १९७९ च्या क्रांतीनंतर धान्यात स्वयंपूर्ण होण्याचे धोरण आले, स्वस्त वीज व डिझेलची जोड मिळाली. शेजारच्या शेतात खोल नळी गेली की कनात कोरडी पडते, मग कनातीचा भागीदारही नळी घेतो. तेहरानच्या मैदानात १९६८ मध्ये चार हजारांहून कमी असलेल्या विहिरींची संख्या २०१२ पर्यंत बत्तीस हजारांवर गेली. १९८४ ते २०११ या काळात भूजलाची पातळी सुमारे १२ मीटरने उतरली.

जमीन का बसते

पाणी काढले तर जमिनीत पोकळी होते आणि वरचा भाग खाली पडतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. जमिनीखाली तळी किंवा नद्या नसतात. मातीच्या कणांच्या मधल्या बारीक फटींत पाणी असते. एखाद्या खोलीवरील मातीच्या थरावर वरच्या सर्व मातीचे व पाण्याचे ओझे असते. हे ओझे दोघे मिळून पेलतात. काही भाग एकमेकांना टेकलेले मातीचे कण पेलतात, काही भाग फटींतील दाबाखालचे पाणी पेलते. पंपाने पाण्याचा दाब कमी केला की पाण्याच्या खांद्यावरचे ओझे कणांवर येते. वरून एक विटही न ठेवता कणांवरचा भार वाढतो. बंदिस्त, दाबाखालच्या जलधर थरात पाण्याची पातळी एक मीटर उतरली तर प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे एक टन भार कणांवर नव्याने येतो. बारा मीटर उतरली तर बारा टन. स्थूलमानाने सांगावयाचे तर मैलोगणती पसरलेल्या मैदानावर दहा मजली इमारत उभी केल्यासारखे ते आहे.

वाळू व खडी हा भार बऱ्यापैकी सहन करतात. थोडी दबतात, आणि पाणी परत आले की जवळजवळ तितकीच वर येतात. चिकणमातीचे तसे नाही. तिचे कण चपटे, पत्र्यासारखे असतात आणि विस्कळीत रचलेले असतात, त्यांच्यामध्ये भरपूर पाणी असते. भार पूर्वी कधी आला नव्हता इतका वाढला की ही रचना मोडते, कण एकमेकांवर आडवे बसतात आणि पाणी पिळून बाहेर पडते. पुन्हा पाणी सोडले तरी कण उभे राहत नाहीत. म्हणजे येथे दोन हानी होतात. जमिनीचा पृष्ठभाग खाली जातो ही एक. आणि ज्या फटींत पाणी साठत होते त्या कायमच्या मिटतात, ही दुसरी, जी कोणाला दिसत नाही. टाकीतले पाणी वापरता वापरता टाकीच लहान होत जावी, तसे हे आहे.

चिकणमातीतून पाणी फार सावकाश निघते. त्यामुळे वाळूच्या थरातील पंप आज बंद केले तरी लगतचे चिकणमातीचे थर पुढे कित्येक वर्षे पिळत राहतात आणि जमीन बसत राहते. उपसा थांबवून फायदा झाला नाही, असा ओरडा अनेक शहरांत झाला आहे, त्याचे उत्तर बहुधा येथे असते.

कणांवरचा भार आणि पाण्याचा दाब यांचा हा हिशेब कार्ल टेर्झाघी याने मांडला. तो ऑस्ट्रियाचा, परंतु ज्या प्रयोगांवर आजचे मृदाशास्त्र उभे आहे ते त्याने इस्तंबूलमध्ये केले. १९१६ मध्ये तो तेथील उस्मानी शाही अभियांत्रिकी विद्यालयात शिकविण्यास आला, महायुद्धानंतर त्याच शहरातील रॉबर्ट कॉलेजात राहिला आणि हाताशी असलेल्या साधनांतून उपकरणे जुळवून चिकणमाती दाबाखाली किती व किती वेळात बसते हे मोजत राहिला. त्याचा ग्रंथ १९२५ मध्ये व्हिएन्नात प्रसिद्ध झाला. पुढे मेक्सिको शहरापासून टोकियोपर्यंत सर्वत्र खचण्याचा हिशेब याच सूत्राने केला गेला.

मोजमाप आणि आकडे

जमीन खचते आहे हे तेथे राहणाऱ्याला सहसा कळत नाही, कारण घर, रस्ता, झाड, शेजारी सर्वच एकत्र खाली जातात. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात मेंडोटा गावाजवळ जमीन १९२५ ते १९७७ या काळात सुमारे ९ मीटर खचली. जोसेफ पोलंड या भूशास्त्रज्ञाचे एका खांबाशेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. खांबावर बऱ्याच उंचीवर १९२५ ची पाटी आहे, तेव्हा जमीन तेथे होती. शेतकऱ्यांनी मात्र त्या मैदानात पिढ्यान्पिढ्या नांगर चालवला.

आता हे मोजमाप उपग्रहावरून होते. उपग्रह रडारची लहर जमिनीकडे पाठवितो व परत आलेली लहर नोंदवितो. काही दिवसांनी त्याच कक्षेतून पुन्हा तसेच करतो. मधल्या काळात जमीन जराशी खाली गेली असेल तर लहर किंचित अधिक अंतर कापून येते आणि तिच्या चढउतारांचा मेळ आधीच्या लहरीशी बसत नाही. लहरीची लांबी साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास असते, त्यामुळे तिच्या लहानशा अंशाचा, म्हणजे मिलीमीटरच्या हिशेबातला फरकही पकडता येतो. अनेक वर्षांच्या शेकडो प्रतिमा एकत्र करून हवामानाचा दोष काढून टाकला की मैदानाचा प्रत्येक तुकडा वर्षाला किती बसतो ते कळते.

जर्मनीतील पॉट्सडॅमच्या भूविज्ञान संशोधन केंद्रातील महमूद हगशेनास हगीगी आणि महदी मोताघ यांनी २००३ ते २०१७ या काळातील अशा प्रतिमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेहरानच्या पश्चिम मैदानात जमीन वर्षाला २५ सेंटीमीटरहून अधिक वेगाने बसत असल्याचे त्यात दिसले. इमाम खोमेनी आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या परिसरात हा वेग वर्षाला ५ सेंटीमीटर होता. आग्नेयेकडील वरामीनचे मैदानही गंभीरपणे खचत होते. खचण्यातील बहुतांश भाग परत न येणारा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. याच दोघांनी २०२४ मध्ये साऱ्या इराणचा आढावा घेतला तेव्हा सुमारे ५६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या साडेतीन टक्के भूमी, खचत असल्याचे आढळले.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते, ती दूर केली पाहिजे. तेहरानच्या एखाद्या रस्त्यात अचानक मोठा खड्डा पडतो, त्यात मोटार जाते आणि बातमी होते. असा खड्डा पुष्कळदा विसरलेल्या जुन्या कनातीचा बोगदा ढासळल्याने किंवा फुटलेल्या नळाने माती वाहून गेल्याने पडतो. तो वेगळा प्रकार. मैदानाचे खचणे मंद, विस्तृत व निःशब्द असते. त्याची चिन्हे निराळी असतात : शेतातून जाणाऱ्या लांबच लांब भेगा, विहिरीच्या तोंडाशी जमिनीतून वर आलेली लोखंडी नळी, जणू ती उगवली आहे (वास्तविक नळी तेथेच असते, जमीन खाली गेलेली असते), गटारांचा उतार उलटल्याने तुंबलेले पाणी, वाकलेले रूळ, फुटलेल्या जलवाहिन्या. एकाच इमारतीखाली एक बाजू अधिक व दुसरी कमी बसली तर भिंती तडकतात. सर्व बाजू सारख्या बसल्या तर इमारतीला काही होत नाही. म्हणून सर्वांत धोका खचणाऱ्या व न खचणाऱ्या जमिनीच्या सीमेवर असतो, आणि तेहरानचे दक्षिणेकडील दाट वस्तीचे भाग नेमके अशा सीमेवर येतात. उत्तरेकडच्या खडीवर श्रीमंतांची घरे, दक्षिणेच्या मातीवर कामगारांची. पर्वताने गाळ निवडून टाकला, आणि वस्तीनेही तीच निवड केली.

इस्फहानची स्थिती तेहरानइतकीच क्लेशदायक आहे. झायंदेरूद नदीचे पात्र गेल्या पंचवीस वर्षांत बहुतेक काळ कोरडे राहिले, सफवी पूल वाळूवर उभे राहिले. नदी मुरत होती तेव्हा मैदानाखालील पाण्याची भरपाई होत असे, आता ती होत नाही आणि उपसा मात्र चालूच आहे. तडे पडलेल्या वास्तूंची चिंता तेथील वास्तुरक्षक अनेक वर्षे बोलून दाखवीत आहेत.

हरीम

जमीन खचण्याचे शास्त्र शंभर वर्षांचे आहे. पण एकाच्या विहिरीने दुसऱ्याचे पाणी ओढले जाते, आणि ते किती ओढले जाईल हे जमिनीच्या जातीवर अवलंबून असते, ही जाणीव फिक्हमध्ये फार जुनी आहे. विहिरीभोवतीच्या ज्या क्षेत्रात दुसऱ्याला खोदता येत नाही त्याला हरीम म्हणतात. हनफी परंपरेतील ‘हिदाया’ हा ग्रंथ भारतातील मदरशांत शतकानुशतके शिकविला जातो. पडीक जमिनीला जीवन देण्याच्या प्रकरणात त्यात विहिरीसाठी चाळीस हात व झऱ्यासाठी पाचशे हात असे हरीम सांगितले आहे. त्यापुढे ग्रंथकार मर्गीनानी (मृत्यू ११९७) हा फरगाना प्रदेशाचा रहिवासी एक महत्त्वाचे मत नोंदवितो. ही मापे अरबांच्या कठीण जमिनीसाठी आहेत, आमच्याकडील जमीन मऊ असल्याने ती वाढवावी, नाहीतर पहिल्या विहिरीचे पाणी दुसरीत जाईल, असा त्याचा आशय आहे. पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याच्या ध्यानात चाळीस व पाचशे हे आकडे राहतात. या ओळीकडे फारसे लक्ष जात नाही, आणि खरे तत्त्व या ओळीत आहे.

इराणच्या दिवाणी कायद्यात (पहिला भाग, १९२८) हाच विचार शिया फिक्हच्या आधारे आला आहे. कलम १३७ प्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या विहिरीचे हरीम वीस गज व शेतीच्या विहिरीचे तीस गज. कलम १३८ प्रमाणे झरा व कनात यांचे हरीम मऊ जमिनीत प्रत्येक बाजूस पाचशे गज व कठीण जमिनीत अडीचशे गज. आणि ही मापे हानी टाळण्यास पुरेशी नसतील तर हानी टळेल इतकी ती वाढवावीत. कायदा इतका स्पष्ट असूनही तो कूपनलिकेपुढे निष्प्रभ ठरला. त्याची कारणे दोन दिसतात. हरीम हे दोन विहिरींमधील वाद मिटविण्यासाठी आहे. येथे बत्तीस हजार विहिरी आहेत, त्यांपैकी प्रत्येक जण दुसऱ्यापासून योग्य अंतरावर असू शकतो आणि तरीही सर्व मिळून मैदान रिकामे करू शकतात. दुसरे असे की शेकडो मीटर खोल नळीचा प्रभाव गजांत मोजता येत नाही, तो किलोमीटरांत जातो. तरीही कलम १३८ चे शेवटचे वाक्य, म्हणजे माप अपुरे पडल्यास हानीनुसार वाढवावे हे, आजही उपयोगी पडण्यासारखे आहे. हानी म्हणजे केवळ शेजाऱ्याच्या विहिरीचे आटणे नव्हे, त्याच्या घराखालची जमीन जाणे हीसुद्धा हानीच, इतका अर्थ न्यायालयांनी त्यात वाचला तर नवा कायदा करण्याची फारशी गरज उरणार नाही.

इतरांनी काय केले

खचणे थांबविता येते, हे जपानने दाखविले. ओसाकात कियो वादाची या शास्त्रज्ञाने महायुद्धापूर्वीच भूजलाची पातळी व खचण्याचा वेग यांचा संबंध दाखविला होता, तेव्हा तो सर्वमान्य झाला नाही. युद्धात कारखाने उद्ध्वस्त झाले, पंप थांबले, पाणी वर आले आणि खचणे जवळजवळ थांबले. कारखाने पुन्हा उभे राहिले आणि ते पुन्हा सुरू झाले. इतका क्रूर प्रयोग कोणी मुद्दाम केला नसता. १९५६ मध्ये कारखान्यांच्या व १९६२ मध्ये इमारतींच्या भूजल उपशावर निर्बंध घालणारे कायदे आले. टोकियोच्या पूर्व भागात जमीन तोपर्यंत काही ठिकाणी चार मीटरहून अधिक बसली होती. १९७० च्या दशकात वेग ओसरला, पण खाली गेलेला भाग भरतीच्या पाण्याहून खालीच राहिला व आज बंधाऱ्यांमागे आहे. बँकॉकने १९७७ मध्ये भूजल कायदा केला. खरा परिणाम मात्र भूजलाचा दर नळाच्या पाण्याहून महाग केल्यानंतर दिसला. शांघायने १९६० च्या दशकापासून हिवाळ्यात विहिरींतून पाणी उलटे जमिनीत सोडले.

जकार्ताने हे वेळेवर केले नाही. मुआरा बारू या वस्तीत ‘वाल अधुना’ नावाची एक मशीद समुद्रभिंतीच्या बाहेर, पाण्यात अर्धी बुडालेली उभी आहे. एके काळी तेथे नमाज होत असे. समुद्राची पातळी वाढते हे खरे, पण ती वर्षाला काही मिलीमीटर; उत्तर जकार्ताची जमीन मात्र वर्षाला अनेक सेंटीमीटर बसत होती. ऑगस्ट २०१९ मध्ये इंडोनेशियाने राजधानी पूर्व कालिमंतानमध्ये नेण्याचा निर्णय जाहीर केला. राजधानी हलेल, मुआरा बारूचे लोक तेथेच राहतील. तेहरानबद्दलही हेच म्हणता येते. खचणाऱ्या मैदानातील उपसा प्रामुख्याने शेतीसाठी होतो, आणि मंत्रालये दुसरीकडे गेल्याने एकही नळी बंद होणार नाही.

कनाती पुन्हा सुरू करा, असा आग्रह इराणमध्ये व बाहेरही ऐकू येतो. त्यात भावनेचा भाग अधिक आहे. नव्वद लाखांचे शहर कनातींवर चालणार नाही, आणि पातळी बोगद्यांखाली गेल्यानंतर त्या वाहणारही नाहीत.

दख्खन आणि दख्खनबाहेर

कनातीचे तंत्र दख्खनमध्येही आले. बिदरमधील बहमनी काळची कारेझ, मलिक अंबरची औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील नहर-ए-अंबरी आणि बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा ही त्याची उदाहरणे. बऱ्हाणपूरची योजना १६१५ च्या सुमाराची, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळातील असून ती इराणी जाणकाराने आखली असे सांगतात. सातपुड्यातून येणारे पाणी कुंड्यांच्या रांगेखालून आजही वाहते.

तंत्र तेच असले तरी जमीन वेगळी आहे. इंदूर व बेळगाव या परिसरांत काळा पाषाण, हैदराबादेत ग्रॅनाइट. या खडकांत पाणी भेगांत व वरच्या झिजलेल्या थरात असते. ते संपले तरी खडक दबत नाही. म्हणून या शहरांत अतिरेकी उपशाचा परिणाम जमीन खचण्यात न दिसता कोरड्या बोअरमध्ये दिसतो. हजार फूट नळी नेऊनही धूळ येते, तेव्हा घरमालकाला निदान हिशेब समजतो. गाळाच्या मैदानात पाणी मिळत राहते व किंमत दुसरीकडे मोजली जाते. गुजरातचे सपाट प्रदेश आणि ग्वाल्हेरच्या उत्तरेला यमुनेकडे पसरत जाणारे मैदान या दुसऱ्या प्रकारात येतात. वडोदऱ्याच्या वाचकाने म्हणूनच हैदराबादच्या उदाहरणावरून निश्चिंत होऊ नये.

दिल्लीत हे प्रत्यक्ष घडले आहे. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी वर उल्लेखिलेल्या महदी मोताघ यांच्यासह केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. विमानतळालगतच्या कापसहेडा भागात २०१४ ते २०१६ मध्ये जमीन वर्षाला सुमारे ११ सेंटीमीटर बसत होती, २०१८-१९ मध्ये हा वेग १७ सेंटीमीटरच्या आसपास गेला. तेथे नळाचे पाणी अपुरे व बोअरवर भिस्त. त्याच अभ्यासात जवळच्या द्वारका उपनगराची नोंद उलट आहे. तेथे नळाचे पाणी आले, उपशावर बंधने आली, जुनी तळी पुन्हा भरण्याचे प्रयत्न झाले. २०१४ ते २०१६ मध्ये वर्षाला साडेतीन सेंटीमीटर बसणारी जमीन पुढे स्थिरावली व २०१८-१९ मध्ये सुमारे एक सेंटीमीटर वर आली. हा परत आलेला भाग वाळूच्या थरांचा मानावा लागेल. चिकणमातीत जे मिटले ते मिटलेच.

ज्या सेंटिनेल-१ उपग्रहाच्या प्रतिमांवर दिल्लीचा हा अभ्यास झाला त्या २०१४ पासून विनामूल्य उपलब्ध आहेत आणि त्या वाचण्याची युरोपीय अवकाश संस्थेची संगणक प्रणालीही विनामूल्य आहे. भूगोल किंवा भौतिकशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी एका शैक्षणिक वर्षात आपल्या शहराचा असा नकाशा तयार करू शकतो. वडोदरा व ग्वाल्हेर येथील महाविद्यालयांनी हा विषय प्रबंधासाठी घेतल्यास नगरपालिकेच्या विहिरींच्या नोंदी त्याला जोडून पाहता येतील.